दगडात 'प्राणी' दिसला तर: हातोडी काढायच्या आधीपासून तज्ज्ञाला मेल जाईपर्यंत

दिवाळी झाली, डोंगरावरचं गवत वाळायला लागलं की माझ्या व्हॉट्सॅपवर दगड यायला लागतात. "सर, हे फॉसिल आहे ना?" एवढाच मेसेज आणि एक फोटो. फोटो बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा, वरून फ्लॅश मारलेला, शेजारी स्केल नाही, दगड लख्ख घासलेला, आणि कुठे मिळाला विचारलं तर "सांग्याच्या बाजूला, मित्राने दिला". बास. यावरून मीच काय कोणीच काही सांगू शकत नाही. आणि वाईट हे की दगड खरंच कामाचा असता तरी त्याची निम्मी माहिती आता गेलेली आहे, कारण ती दगडात नव्हतीच, तो जिथे होता त्या जागेत होती.

मी मूळ गोव्यातल्या डिचोलीचा, काम मारवाडातल्या वालुकाश्मांवर, म्हणजे प्राणी जेमतेम सुरू होत होते त्या काळातल्या खडकांवर. खाली लिहिलंय ते मी विद्यार्थ्यांना फील्डवर न्यायच्या आधी सांगतो. क्रम बदलू नका प्लीज. बहुतेक चुका माहिती नसल्यामुळे होत नाहीत, तिसरी पायरी पहिल्यांदा केल्यामुळे होतात.

## ०. आधी वयाचा हिशेब

शून्य नंबर मुद्दाम दिलाय, कारण ही पायरी घरात बसून करायची आहे आणि हीच सगळे गाळतात.

प्राण्यांचे सगळ्यात जुने, डोळ्यांना दिसतील एवढे मोठे ठसे एडियाकरन काळातले. हा काळ सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी संपून कॅम्ब्रियन सुरू झाला. ठसे येतात ते त्याच्या शेवटच्या भागात. डिकिन्सोनिया नावाचा तो चपट्या, घड्या पडलेल्या चकतीसारखा जीव घ्या: रशियात श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावर मिळालेले त्याचे नमुने सुमारे ५५.८ कोटी वर्षांचे आहेत, आणि २०१८ मध्ये त्यांच्यात कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले म्हणून तो प्राणीच होता हे बऱ्यापैकी पक्कं झालं.

आता गोवा. आपल्याकडचे मुख्य खडक, म्हणजे ग्रेवॅक (मळकट वाळूचा घट्ट खडक), फिलाइट (चिखलाचा, दाबून चकचकीत झालेला खडक), आणि ज्याच्यावर मायनिंग उभं राहिलं तो लोखंडाचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक, हे धारवाडी खडक. वय २५० कोटी वर्षांच्याही पुढे. वर दाबले गेलेत, तापलेत, वाकलेत. अनमोडच्या बाजूचा नाइस (तापून, दाबून पट्टे पडलेला खडक) तर त्याहून कितीतरी जुना. सत्तरीच्या घाटमाथ्यावर डेक्कनचा बेसॉल्ट आहे, तो लाव्हा. आणि या सगळ्यावर जांभा, ज्याचे आपण चिरे काढतो, तो खडक कुजून झालेला.

म्हणजे गोव्याच्या डोंगरात सुरुवातीच्या काळातला प्राणी सापडणार नाही. जुने खडक फार जुने, बाकीचे त्या जातीचेच नाहीत.

मग हा लेख कशाला? कारण सरावाला गोव्यासारखी जागा नाही! इथे जे जे फॉसिलसारखं दिसेल ते जवळजवळ सगळं खोटं निघणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे खोटं ओळखायची नजर इथे फुकटात तयार होते. मग तुम्ही जोधपूरला किंवा स्पितीला, म्हणजे खरी जुनी फॉसिल मिळतात तिथे, गेलात की पहिल्याच दिवशी हुरळून जात नाही.

तपासा: फोनमध्ये किंवा वहीत त्या भागाचा भूगर्भीय नकाशा आहे का? खडकाचं नाव आणि वय एका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर अजून घराबाहेर पडू नका.

## १. तयारी, आठवडाभर आधी

परवानगी आधी. अभयारण्यात, म्हणजे म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, इथून दगड उचलायचा नाही, खडा सुद्धा नाही, आणि अभ्यासासाठी जायचं असेल तरी वन खात्याची लेखी परवानगी हवी. मायनिंग लीजच्या आत बंद पडलेला खड्डा असला तरी विचारल्याशिवाय शिरायचं नाही, कडे ढासळतात, खालचं पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही. बाकी जमीन कोणाची तरी असतेच, भाटकाराची (जमीनदाराची), कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची), कोणाच्या कुळागराची (बागेची). आदल्या दिवशी जाऊन विचारलं तर लोक नाही म्हणत नाहीत, उलट "त्या व्हाळात बघा, तिथे चित्रविचित्र दगड आहेत" असं सांगून बरोबर येतात. न विचारता हातोडी मारताना सापडलात तर मात्र कुत्रं सोडतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

सामानात महागडं काही नाही. दहा पट मोठं दाखवणारी लेन्स, ती दोरीने गळ्यात, खिशात ठेवली की हरवते. जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल, कारण आपल्याकडच्या घामात पेनाची शाई टिकत नाही. दहा सेंटीमीटरची छापील पट्टी. छोटा टॉर्च. छत्री, उन्हाळ्यात सुद्धा, कशाला ते पुढे येतंय. टिश्यू पेपर, जुने पेपर, झिपच्या पिशव्या, मार्कर. कंपास. हातोडी न्यायची तर जिऑलॉजीची न्या, गवंड्याची नको, ती कठीण खडकावर आपटली की पोलादाचे कपचे उडतात. आणि डोळ्यांना गॉगल, रंगीत नाही, सुरक्षेचा.

दिवस कधीचा धरायचा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरपर्यंत खडकावर शेवाळ आणि वर कमरेएवढं गवत असतं, मार्चनंतर दुपारी डोकं चालत नाही.

सावधान: 'सापडल्यावर काय ते बघू' म्हणून नोंदवही न घेता जाणारे लोक नेमके त्याच दिवशी काहीतरी शोधतात. माझ्या बाबतीत झालंय, बसच्या तिकिटाच्या मागे लिहिलेली नोंद दोन वर्षांनी मलाच वाचता येत नव्हती.

## २. पोचल्यावर पहिला अर्धा तास हात मागे

खरंच मागे बांधून उभे राहा. काही उचलायचं नाही, काही ठोकायचं नाही. या अर्ध्या तासात तीन गोष्टी वहीत आल्या पाहिजेत.

खडक कुठला? लेन्स डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि दगड लेन्सजवळ आणा, लेन्स दगडावर टेकवून दोन फुटांवरून बघायचं नाही, सगळे नवखे हेच करतात. कण दिसतात का, गोल आहेत की टोकदार, स्फटिक चमकतात का. ताजी फोड बघायला जवळचा एखादा सुटा बिनकामाचा तुकडा फोडा, 'प्राणी' असलेला नव्हे.

थर कुठला? खडक थराथराचा असेल तर थर कुठल्या दिशेला किती कललेत ते मोजा. इथे गोव्याची खास गंमत आहे. लोखंडाच्या खडकात मॅग्नेटाइट असतं आणि त्याच्याजवळ कंपास वेडा होतो, फोनमधला तर जास्तच. आमच्या एका पोराने एकाच कड्यावर दहा पावलांत चाळीस अंशांचा फरक नोंदवला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोठा भ्रंश (खडक तुटून सरकलेली जागा) सापडला म्हणून खूश होता. तर अशा ठिकाणी दोन-तीन जागी उभं राहून मोजा, हातोडी आणि गाडी लांब ठेवा, आकडे जुळत नसतील तर 'जुळत नाहीत' असंच लिहा.

तिसरी गोष्ट म्हणजे थराची वरची बाजू कुठली. हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं, वर ती वर! पण खडक कलतात, उलटे होतात. वाळूच्या थरात कण खाली जाडे आणि वर बारीक होत गेले असतील तर बारीक बाजू वरची. लाटांच्या वळ्यांची टोकदार बाजू वर असते. तिरक्या रेघांचे थर वरच्या टोकाला कापल्यासारखे दिसतात आणि खाली तळाशी अलगद वळून मिळतात. याचा सराव आपल्या ग्रेवॅकमध्ये छान होतो.

वरची बाजू एवढी महत्त्वाची का, तर एडियाकरन ठसे बरेचदा वालुकाश्माच्या थराच्या खालच्या अंगाला असतात. जीव समुद्रतळावर पडलेला, त्याच्यावर वाळू आली, वाळूच्या बुडाला त्याचा साचा उठला. लोक उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे उभ्या उभ्या थराच्या वरच्या अंगावर नजर फिरवतात आणि काही नाही म्हणून परत येतात. राजस्थानात जोधपूरजवळ सूरसागरच्या खाणींमध्ये फरशीचा दगड काढतात, तिथे उलट्या पडलेल्या फरश्या बघण्यात आमचे दिवसच्या दिवस जातात.

तपासा: वहीत जागेचं नाव, जीपीएसचा आकडा (फोनवरून चालेल, पण कागदावर उतरवा, फोन मरतो), तारीख, खडक, थराचा कल, वरची बाजू. सहा गोष्टी. पाच असतील तर थांबा.

## ३. उजेड आणि फोटो

आता छत्री. हे ठसे मिलिमीटरभर उंच किंवा खोल असतात, भर दुपारच्या उन्हात सपाट होऊन जातात. सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर ऊन तिरपं येतं तेव्हाच नीट दिसतात. दुपारी करावंच लागलं तर एकाने छत्रीने सावली धरायची आणि दुसऱ्याने टॉर्च खडकाला जवळजवळ टेकवून आडवा मारायचा. जो खडक दहा वाजता कोरा वाटला त्यावर अचानक रेघा उभ्या राहतात, पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो.

फोटोंचा क्रम असा:

१. लांबून, डोंगर किंवा किनारा ओळखू येईल असा.
२. मधून, माणूस उभा करून, म्हणजे कडा केवढा ते कळेल.
३. जवळून, पट्टी ठेवून, कॅमेरा खडकाशी काटकोनात.
४. तीच फ्रेम, टॉर्च चार बाजूंनी फिरवून चार फोटो.
५. बाजूने, थर दिसेल असा. हा फोटो मला आजपर्यंत कोणीही आपणहून पाठवलेला नाही आणि मला सगळ्यात आधी हाच हवा असतो.

जो मुख्य फोटो पाठवाल त्यात उजेड डावीकडून वरून हवा. डोळ्याला तीच सवय आहे, उजेड खालून असेल तर उंचवटा खड्डा वाटतो आणि खड्डा उंचवटा.

सावधान: खडूने आकार गिरवायचा नाही. पाणी ओतून चमकवायचं नाही, निदान कोरडे फोटो झाल्याशिवाय नाही. सांग्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कातळशिल्पं आहेत, ती माणसाने कोरलेली, फॉसिलशी संबंध नाही, पण तिथेही लोक फोटो यावा म्हणून खडू मारताना बघितलेत. एकदा गिरवलं की तुम्हाला जे वाटलं तेच सगळ्यांना दिसायला लागतं, खरं काय होतं ते कायमचं गेलं.

## ४. 'हा प्राणी नाही' हे सिद्ध करायला बसा

लेखातली ही सगळ्यात लांब पायरी आहे आणि फील्डवरही हीच सगळ्यात जास्त वेळ खाते. इथे तुमचं काम वकिलाचं, पण समोरच्या पक्षाच्या. एकेक प्रश्न घ्या.

नुसता रंग आहे की उंचसखलपणाही आहे? नखाने, बोटाने फिरवून बघा. गोव्यातून येणाऱ्या दगडांत निम्म्याहून जास्त 'नेचे' आणि 'शेवाळ' मँगनीजचे असतात. रिवण, केपे, सांगे या पट्ट्यात मँगनीज भरपूर, ते पाण्याबरोबर खडकाच्या चिरांमध्ये झिरपतं आणि काळ्या फांद्यांची नक्षी काढतं. दिसायला इतकं सुंदर की मलाही दरवेळी एक क्षण वाटतं. ओळखायचं कसं? नक्षी चिरेच्या पृष्ठभागावर असते, थराच्या पृष्ठभागावर असेलच असं नाही. जाडी नसते. फांद्या कशाही फुटतात, पानाला मधली शीर असते तशी नसते, आणि सगळ्या फांद्या चिरेच्या कडेकडून आत वाढलेल्या असतात.

थराला धरून आहे की थर कापून जातंय? कुजणाऱ्या खडकात लोखंड कांद्याच्या चकत्यांसारखी तपकिरी वर्तुळं काढतं, अगदी शिंपल्याच्या वळ्या. दगड फोडलात की ती वर्तुळं थराची पर्वा न करता आरपार गेलेली दिसतात. शिंपला असं करत नाही.

एकच आहे की अनेक? एक आकार म्हणजे योगायोग. पाच-दहा मिळाले, लहानमोठे आहेत पण बांधणी एकच आहे, कडा प्रत्येकाला स्पष्ट आहे, तर विचार करायला जागा. शंभर मिळाले आणि सगळे तंतोतंत एकाच मापाचे, तर पुन्हा शंका घ्या, स्फटिक असतील. पायराइटचे (लोखंड-गंधकाचे) स्फटिक झडून गेल्यावर राहिलेले चौकोनी खड्डे लोक 'पावलं' म्हणून पाठवतात.

आजचं कोणी करू शकतं का? हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. जांभ्यातल्या नळ्या: पाण्याने धुपलेल्या, मुळांच्या, वाळवीच्या. किनाऱ्यावरच्या खडकातली गोल गोल भोकं: खडक पोखरणारे शिंपले, बरेचदा भोकात जिवंत बसलेले असतात. भिंतीवरची मातीची बुडकुली: कुंभारीण माशी. दगडफुलाची गोल चकती. खाजनात (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतात) मानशीचं (पाणी अडवायच्या दाराचं) काम करताना चिखलातून निघालेली कालवांची जाड कवचं, किंवा किनाऱ्यावर वाळू नि शिंपले एकत्र घट्ट झालेली करल. ही शेवटची दोन खरी कवचं आहेत, खोटी नाहीत, पण फार तर काही हजार वर्षांची, आणि त्यातले 'तिसऱ्या' नि 'खुबे' हे खायचे शिंपले तुमच्या आईने परवाच शिजवलेत.

आता हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या ऑडिटोरियम गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया सापडला असा शोधनिबंध चांगल्या जर्नलमध्ये छापून आला, जगभर बातम्या झाल्या. ज्यांनी बघितलं ते मुद्दाम फॉसिल शोधायला गेले नव्हते, दिल्लीची परिषद पुढे ढकलली गेली म्हणून गुहा बघायला गेलेले, वस्तू छतावर उंच, हाताला न येणारी, फोटोवर काम झालेलं. पुढे दुसरा गट तिथे परत गेला तर 'प्राणी' खडकावरून सोलून निघायला लागला होता. आग्या मोहोळाचा जुना पोळ्याचा ठसा! ज्यांनी मूळ दावा केला त्यांनी चूक मान्य केली, हे त्यांचं मोठेपण, पण मधल्या काळात भीमबेटका ज्यात आहे त्या विंध्य खडकांच्या वयाबद्दल त्या एका फोटोवरून निष्कर्ष काढून झाले होते. आपल्याकडे कुठल्याही पोराला विचारा, कड्याच्या पोटाला काय लटकतं ते, तो डोळे मिटून सांगेल.

आणि एक, याच्या उलट्या बाजूचं. १९९८ मध्ये मध्य प्रदेशातल्या चोरहाट वालुकाश्मातल्या वळवळत्या रेघा म्हणजे एक अब्ज वर्षांहून जुन्या कृमींची बिळं असा दावा आला. निरीक्षण काळजीपूर्वक केलेलं होतं, माणसं नावाजलेली. मग २००२ मध्ये त्या खडकांचं वय मोजलं गेलं, निघालं सुमारे १६० कोटी वर्षं. म्हणजे बाकी जगातल्या कुठल्याही पुराव्यापेक्षा प्राणी जवळजवळ १०० कोटी वर्षं मागे न्यावे लागणार. आज बहुतेक अभ्यासक ती बिळं मानत नाहीत. चिखल वाळताना, सूक्ष्मजीवांची साय सुरकुतताना अशा रेघा पडू शकतात. म्हणून मी पायरी शून्य पहिली ठेवली.

तपासा: वहीत 'प्राणी नसल्यास काय असू शकेल' या शीर्षकाखाली किमान तीन पर्याय आणि प्रत्येकापुढे का बाद केला ते लिहा. 'तसं वाटत नाही' हे कारण धरत नाही.

## ५. उचलायचं की नाही

बहुतेक वेळा उत्तर नाही. फोटो, जागा, मोजमाप झालं असेल तर खडक तिथेच राहू द्या, तज्ज्ञाला तिथेच बघायचा असतो. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेल्या जागी, उदाहरणार्थ जोधपूरच्या किल्ल्याचा पायथा किंवा चित्तोडजवळ भोजुंदाचा स्ट्रोमॅटोलाइटचा (सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर साचून झालेला) कातळ, हातोडी पिशवीतून काढायची सुद्धा नाही.

सुटा दगड असेल, मालकाची परवानगी असेल आणि उद्या तो डंपरखाली जाणार असेल तर उचला. उचलण्याआधी मार्करने त्याच्यावर, ठसा नसलेल्या बाजूला, वर कुठली आणि उत्तर कुठली त्याचे बाण आणि नमुन्याचा नंबर. दगड फुटून दोन पाळ्या झाल्या असतील तर दोन्ही घ्या. एकावर उंचवटा, दुसऱ्यावर त्याचा खड्डा, दोन्ही मिळून एक नमुना. लोक 'चांगली' पाळी घेतात, दुसरी फेकतात, आणि नेमकं जे कळायला हवं ते फेकलेल्या पाळीवर असतं.

गुंडाळताना आधी टिश्यू, मग पेपर, मग पिशवी. कापूस नको, तंतू चिकटतात. चिठ्ठी दोन, एक आत एक बाहेर. फुटला तर फुटला, तुकडे वेगळे गुंडाळा, जागेवर फेव्हिक्विक लावत बसू नका.

## ६. घरी आणल्यावर काय करायचं नाही

करायचं फार थोडं: मऊ कोरड्या ब्रशने माती झाडायची, लेन्सखाली बांबूच्या काडीने सुटी माती काढायची, सावलीत ठेवायचा.

ॲसिड नको. टॉयलेट क्लीनर तर अजिबात नको, त्यात बरेचदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि चुनखडीतलं कवच तुमच्या डोळ्यांदेखत फेसाळून जातं. मला एक शिंपला असा आला होता, म्हणजे शिंपला होता असं सांगण्यात आलं, माझ्यापर्यंत आला तो खड्डा. हो, आम्ही लॅबमध्ये ॲसिड वापरतो. मसुरीच्या बाजूच्या ताल गटाच्या खडकांत कॅम्ब्रियनच्या सुरुवातीची बारीक बारीक कवचं आहेत, त्या जातीची फॉस्फेटची कवचं चुनखडीतून सोडवायला खडक सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये दिवसेंदिवस ठेवतात, उरलेला गाळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशने एकेक दाणा उचलतात. पण कवच फॉस्फेटचं आहे, ॲसिडला टिकणार आहे हे आधी माहीत असतं म्हणून. तुम्हाला माहीत नाही.

वॉर्निश, नेलपॉलिश, खोबरेल तेल, काही लावायचं नाही. ठिसूळ नमुन्याला आम्ही ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं रसायन लावतो, कारण ते पुन्हा काढता येतं. फेव्हिकॉल सहजी निघत नाही.

## ७. कोणाला आणि कसं लिहायचं

गोव्यात असाल तर ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचा भूविज्ञानाचा विभाग आहे, मडगावला चौगुले आणि मिरामारला धेंपे कॉलेजात जिऑलॉजी शिकवतात. समुद्रातलं अलीकडचं काही असेल तर दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). बाहेर लखनौची बिरबल साहनी संस्था, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. आधी जवळच्याला लिहा, लखनौला मग.

मेल साधी ठेवा, म्हणजे साधारण अशी:

"नमस्कार. दि. १४ डिसेंबरला अमुक गावाजवळ ओढ्याच्या काठी सुट्या फरशीवर ६ सेंमीचा गोल उंचवटा दिसला. खडक बारीक वालुकाश्म वाटतो, थर पूर्वेला सुमारे २० अंश कललेत, उंचवटा थराच्या खालच्या अंगाला आहे. एकूण ४ दिसले, ३ ते ७ सेंमी. मँगनीज, लोखंडाची गाठ, वायूचा बुडबुडा हे पर्याय तपासले, गाठ पूर्ण बाद करता आली नाही. दगड जागेवरच आहे. ८ फोटो जोडलेत. जीपीएस विचारल्यास कळवीन."

यात 'फॉसिल' हा शब्द नाही बघा. 'जगातला सर्वात जुना' तर नाहीच. अशी मेल आली की मी जेवण सोडून उघडतो.

जीपीएस मेलमध्ये सरसकट का नाही, तर मेल फॉरवर्ड होतात. सोशल मीडियावर फोटो टाकायचाच असेल तर लोकेशन बंद करून टाका, चांगल्या जागांवरून फरश्या रातोरात जातात. आणि पेपरवाल्यांना उत्तर यायच्या आत फोन करू नका, बातमी मागे घेता येत नाही.

उत्तराला वेळ लागतो. महिना धरा, परीक्षांच्या दिवसांत दोन. तीन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण करायला हरकत नाही. बारावीतली मुलं विचारतात की हे काम रोजचं कसं असतं, तर असं: वर्षात फील्डचे पंधरा-वीस दिवस, बाकी दगड कापून तो तीस मायक्रॉनपर्यंत घासत बसणं, शेकडो फोटोंमध्ये तीच चकती मोजणं, निधीचे अर्ज, आणि लोकांच्या मेल. यायचं असेल तर जिऑलॉजीत बीएस्सी, एमएस्सी, मग नेट किंवा गेट आणि पीएचडी, आणि मधल्या काळात कोणाकडून तरी प्राणिशास्त्र मन लावून शिकून घ्या, आम्हा जिऑलॉजीवाल्यांचं तिथे कच्चं राहतं.

उत्तर 'मँगनीज' असं आलं तर दगड फेकू नका. नंबर तसाच ठेवा, खाली काय निघालं ते लिहा, आणि एका पत्र्याच्या डब्यात टाका. माझ्याकडे असे दोन डबे भरलेत: नक्षी, गाठी, चौकोनी खड्डे, एक मोहोळाचा तुकडा पण आहे. नवीन पोरं आली की फॉसिलच्या आधी त्यांच्यापुढे हेच डबे उघडतो आणि चिठ्ठ्या झाकून विचारतो, सांगा बघू.